दूरचे कोठार आणि त्याची मुद्रा

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी, उमरखेड तालुक्यातील एका लहानशा गावच्या दूध संकलन केंद्रावर एका मावशींनी आपली किटली मापात रिकामी केली, फॅटच्या यंत्राने आपला अंक दाखविला, आणि टेबलावरच्या छोट्या छपाईयंत्रातून जी पावती सरकत बाहेर आली तिच्यावर आदल्या दिवसाची तारीख होती. मावशींनी ती दिव्याखाली धरून दोनदा पाहिली आणि मला विचारले, "सर, दूध आज पहाटं घातलं अन् पावती कालची कशी हो?" कालच्या सायंकाळची एक पावती त्यांच्यापाशी होतीच, आता ही दुसरीही कालचीच निघाल्यामुळे महिन्याच्या हिशेबात आजची सकाळ कोरी पडणार, हे त्यांच्या ध्यानात माझ्याआधी आले होते. त्याच पावतीत दुसरेही एक वैगुण्य होते. माथ्यावर जेथे तालुक्याचे नाव उमटावयाचे तेथे रिकाम्या चौकटींची एक रांग होती. 'उमरखेड' या नावाची अक्षरे उच्चारात पाच, पण चौकटी सहा. कारण 'खे' या अक्षरातील मात्रा यंत्राने निराळी मोजली होती.

चौकटींचा दोष चार दिवसांपासून चालत आलेला होता आणि केंद्राच्या सचिवांनी तो छपाईयंत्राचा समजून सोडून दिला होता. तारखेचा दोष मात्र कोणाच्या नजरेस आला नव्हता, कारण तो साडेपाचच्या आधी येणाऱ्या मोजक्या मंडळींच्याच पावत्यांत उतरत होता. उजाडल्यावर येणाऱ्यांना तारीख बरोबर मिळे. पावत्या लिहिणारी आज्ञावली माझी होती, आणि माझ्या घरच्या संगणकावर ती सर्वस्वी निर्दोष चालत असे. तीच आज्ञावली मी कंटेनरच्या इमेजमध्ये बांधून केंद्राच्या संगणकावर ठेवली, आणि तेथे ती आपले घड्याळ व आपली लिपी दोन्ही हरवून बसली. आज्ञावलीत एका अक्षराचाही फरक झाला नव्हता. ज्या घरात ती राहावयास गेली होती त्या घरात काय काय असावे याची यादी मी केली होती, आणि ती यादी अपुरी होती. या प्रकरणाचा विषय तीच यादी, आणि तिच्यातील जिन्नस ज्या कोठारांतून येतात ती कोठारे, हा आहे.

कंटेनर ही वस्तू समजावयास आपल्याकडील जुन्या वाड्याइतके चांगले साधन मला दुसरे आढळत नाही. वाड्याला आड एक, दिंडीदरवाजा एक, जोते एक. परंतु आत बिऱ्हाडे पाचसहा, आणि प्रत्येक बिऱ्हाडाची चूल, भांडी व देवघर ज्याचे त्याला. संगणकात आडाच्या ठिकाणी असतो तो कर्नेल, म्हणजे यंत्राशी प्रत्यक्ष व्यवहार करणारा मूळ गाभा. तो सर्व कंटेनरांना सामाईक असतो. बाकीचा संसार, म्हणजे फायलींची मांडणी, उपयुक्त आज्ञावल्या, लिपीचे टंक, घड्याळाचे कोष्टक, हा प्रत्येक कंटेनर आपल्या इमेजमधून आणतो. इमेज म्हणजे त्या संसाराचा गोठवून ठेवलेला साचा, आणि तो साचा कोणत्या क्रमाने भरावयाचा याचे टाचण म्हणजे डॉकरफाइल. लिनक्स कर्नेलमध्ये अशी बिऱ्हाडे वेगळी ठेवण्याची सोय हळूहळू वर्षानुवर्षे होत आली होती. २०१३ च्या मार्च महिन्यात अमेरिकेत सांता क्लारा येथील पायथॉन परिषदेत सॉलोमन हाइक्स यांनी डॉकर हे साधन काही मिनिटांत दाखविले, आणि त्यानंतर ही गोष्ट तज्ज्ञांच्या कक्षेतून निघून सामान्य आज्ञावलीकारांच्या हाती आली. रिकामी खोली भाड्याने घेतली म्हणजे तीत चूल नसते हे कोणालाही सांगावे लागत नाही; पण भिंतीवर घड्याळही नसते, ही गोष्ट मला त्या पावतीने सांगितली.

खोली भरावयाची ती पॅकेजांनी. पॅकेज म्हणजे नुसत्या फायलींचे गाठोडे नव्हे; त्याबरोबर एक चिठ्ठी असते, आणि तीत जिन्नसाचे नाव, त्याची आवृत्ती, तो कोणाच्या आधारावाचून चालणार नाही त्यांची नावे, आणि मांडतेवेळी कोणते विधी करावयाचे, हे सर्व लिहिलेले असते. अशी पॅकेजे जेथे क्रमवार लावून ठेवलेली असतात त्या कोठारास रिपॉझिटरी म्हणतात. माझी इमेज डेबियन या वितरणावर उभी होती. १९९३ च्या ऑगस्टमध्ये इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने ते आरंभिले, आणि डेब्रा या मैत्रिणीचे व स्वतःचे अशी दोन नावे जोडून त्याचे नामकरण केले. २०२३ च्या जूनमध्ये बुकवर्म या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्याच्या बाराव्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजे आहेत, आणि २०२५ च्या ऑगस्टमधील तेराव्या, ट्रिक्सी नावाच्या आवृत्तीत ती संख्या ७० हजारांच्या घरात गेली आहे. देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी राखलेले एवढे भांडार उमरखेडात बसलेल्या माणसाला काही एक मोबदला न देता उघडे असावे, ही गोष्ट मी कितीही वेळा वापरली तरी मला तिचा सराव झालेला नाही.

आता विचारण्यासारखा प्रश्न असा की, सातासमुद्रांपलीकडून, वाटेतील कोणाकोणाच्या तारांतून आलेल्या मालावर विश्वास तरी कोणत्या आधारावर ठेवावयाचा? कोठारे अनेक असतात, त्यांच्या प्रती जागोजागी असतात, आणि माल ज्या वाटेने येतो त्या वाटेवर आपला काडीइतकाही ताबा नसतो. या प्रश्नाचे डेबियनने दिलेले उत्तर शिवकालीन दप्तर पाहिलेल्या मराठी वाचकाला मुळीच अपरिचित वाटणार नाही. त्या काळच्या राजपत्राच्या माथ्यावर मुद्रा असे, आणि मजकूर जेथे संपे तेथे मोर्तब असे, यासाठी की शेवटल्या ओळीखाली कोणी आणखी एक ओळ घुसडू नये. आणि कागदाचे तुकडे एकास एक चिकटवून लांब केलेले असले तर जोडावर पाठीमागून शिक्का उमटवीत, म्हणजे मधलाच एखादा तुकडा काढून दुसरा बसविता येऊ नये. पत्र कोणत्या जासुदाच्या हातून आले यावर त्याची सत्यता अवलंबून नसे; मुद्रा, मोर्तब आणि जोड शाबूत आहेत की नाहीत, एवढेच पाहिले जाई.

डेबियनच्या कोठारात हेच तीन पायऱ्यांनी होते. प्रत्येक पॅकेजमधील सर्व मजकुरावरून गणिताने एक ठसा काढतात, ज्याला हॅश म्हणतात. चौसष्ट चिन्हांचा हा ठसा असा की पॅकेजमधील एक बिंदू इकडचा तिकडे झाला तरी तो ओळखू येणार नाही इतका पालटतो. कोठारातील सर्व पॅकेजांचे ठसे एका यादीत लिहिलेले असतात; त्या यादीचाही ठसा काढून तो रिलीज नावाच्या एका लहान फायलीत नोंदवितात; आणि या शेवटच्या फायलीवर कोठाराचे रखवालदार आपल्या गुप्त किल्लीने स्वाक्षरी करतात. ती स्वाक्षरी पडताळण्याची जाहीर किल्ली मूळ इमेजमध्ये आधीच ठेवलेली असते. म्हणून इमेज बांधताना ॲप्ट हे साधन प्रथम रिलीज फायलीची मुद्रा तपासते, मग तिच्या आधारे यादी, मग यादीच्या आधारे एकेक पॅकेज. एका मुद्रेवरून सारे गाठोडे पारखले जाते. याच कारणामुळे डेबियनची कोठारे कित्येक वर्षे साध्या, उघड्या एचटीटीपी मार्गाने माल देत आली. २०१९ च्या जानेवारीत ॲप्टच्याच एका चुकीमुळे वाटेवरच्या लबाडाला हात घालता येईल असे छिद्र सापडले, ते तत्काळ बुजविले गेले, आणि तेव्हापासून मार्गही झाकलेला असावा असे म्हणणाऱ्यांचे पारडे जड झाले. ते बरोबरच आहे. तथापि झाकलेली वाट ही मुद्रेची जागा घेऊ शकत नाही. बैलगाडीला ताडपत्री घातली म्हणून आतला कापूस कोणाचा हे सिद्ध होत नाही.

जेव्हा डेबियनच्या बाहेरचे एखादे कोठार जोडावे लागते, उदाहरणार्थ एखाद्या आधारसामग्रीच्या निर्मात्यांचे स्वतःचे कोठार, तेव्हा त्यांची किल्ली आपणांस आणून ठेवावी लागते. पूर्वी ती सर्व किल्ल्यांच्या एकाच जुडग्यात घालीत, आणि त्यामुळे त्या परक्या किल्लीला डेबियनच्या मूळ मालावरही मुद्रा उमटविण्याचा अधिकार आपोआप मिळे. एका परगण्याच्या अंमलदाराचा शिक्का सगळ्या सुभ्यात चालावा असा तो प्रकार होता. आता कोठाराच्या नोंदीतच 'साइन्ड-बाय' या शब्दापुढे कोणती किल्ली त्या कोठारापुरती ग्राह्य धरावयाची ते लिहितात, आणि किल्ल्या कीरिंग्ज नावाच्या निराळ्या कप्प्यात राहतात. ज्याच्या डॉकरफाइलमध्ये अजून जुनी रीत आहे त्याने ती आजच बदलावी. आणि किल्ली सापडत नाही म्हणून, किंवा मुद्रा जुळत नाही म्हणून, नोंदीत 'ट्रस्टेड' असे लिहून तपासणीच बंद करण्याची जी युक्ती घाईच्या वेळी एकमेकांना सांगितली जाते, तिच्याइतकी घातक युक्ती या सर्व व्यवहारात दुसरी नाही. ज्या एका आधारावर हा सारा पसारा उभा आहे तोच ती काढून घेते.

मुद्रा हात कोणाचा हे सांगते, त्या हातामागील हेतू सांगत नाही, हेही येथेच नमूद केले पाहिजे. २०२४ च्या मार्च महिन्याच्या २९ तारखेस आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जाहीर केले की एक्सझेड या फायली आवळण्याच्या साध्यासुध्या पॅकेजात, ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्यांत, कोणी चोरदरवाजा ठेवला आहे. दूरस्थ संगणकावर प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो एवढ्या क्षुल्लक सुगाव्यावरून त्यांनी तो हुडकला. दरवाजा ठेवणारा बाहेरचा चोर नव्हता. दोनअडीच वर्षे इमानाने काम करून विश्वास संपादन केलेला तो सहकारी होता. डेबियनच्या चाचणीच्या शाखांपर्यंत तो माल पोहोचला; स्थिर आवृत्तीत मात्र शिरला नाही, कारण स्थिर आवृत्तीत नवा माल असा चटकन घेतच नाहीत. तेव्हापासून, नव्याची हौस कितीही असली तरी दुसऱ्यांच्या संसारासाठी बांधावयाची इमेज स्थिर आवृत्तीवरच बांधावी, या माझ्या मताला बळकटी आली आहे.

दोन आवृत्त्यांची सरमिसळ ही आणखी एक गोष्ट. आमच्या तालुक्याच्या कडेने पैनगंगा वाहते. नदीच्या अलीकडे इंग्रजी अंमलातील वऱ्हाड आणि पलीकडे निजामाचा मुलूख अशी स्थिती १९४७ पर्यंत होती, आणि अलीकडे कलदार रुपया तर पलीकडे हाली शिक्का, अशी दोन नाणी नदीच्या दोन तीरांवर चालत. सहा कलदारांस सात हाली असा साधारण भाव होता. दोन्ही रुपये चांदीचे व अस्सल, पण हिशेब लिहिताना कोणता रुपया ते न सांगितल्यास बेरीज चुकणारच. बुकवर्मच्या इमेजमध्ये ट्रिक्सीचे कोठार जोडून एखादे नवे पॅकेज ओढणाऱ्याची गत हीच होते. बुकवर्ममधील मूलभूत सी-ग्रंथालयाची आवृत्ती २.३६, ट्रिक्सीतील २.४१, ट्रिक्सीच्या कोठारातील एक लहानसे पॅकेज मागविले की ते आपल्या आधारासाठी २.४१ घेऊन येऊ पाहते, आणि ज्या ग्रंथालयावर सारे बिऱ्हाड टेकलेले तेच पायाखालून बदलते. दोन्ही कोठारांच्या मुद्रा खऱ्या असतात. घोटाळा नाण्याचा असतो. अगदी गत्यंतरच नसेल तर पिन-प्रायॉरिटी नावाचे अंक देऊन कोणत्या कोठाराला किती मान द्यावयाचा ते ठरविता येते; सामान्य कोठारांचा मान ५०० असतो, आणि ज्याला ऋण अंक दिला त्याचा माल कोणत्याही परिस्थितीत घेतला जात नाही. परंतु हे पंचगिरीचे काम शक्य तो न करणेच बरे.

डॉकरफाइलमधील प्रत्येक आज्ञेनिशी इमेजवर एक थर चढतो, आणि एकदा चढलेला थर पुढल्या वेळी, आज्ञा तीच असल्यास, पुन्हा न करता तसाच उचलला जातो. वेळ वाचविणारी ही सोय कोठारांच्या बाबतीत मात्र माणसाला चकविते. कोठाराची यादी ताजी करण्याची आज्ञा एका ओळीत आणि पॅकेजे मांडण्याची दुसऱ्या ओळीत लिहिली असेल, आणि तीन महिन्यांनी दुसऱ्या ओळीत एक नाव वाढविले असेल, तर पहिली ओळ न बदलल्यामुळे तीन महिन्यांपूर्वीचीच यादी वापरात येते. त्या यादीतील एखाद्या पॅकेजाची जागा दरम्यान सुरक्षेच्या दुरुस्तीने घेतलेली असते, जुने गाठोडे कोठारातून हलविलेले असते, आणि पडद्यावर ४०४ हा आकडा येतो. म्हणून यादी ताजी करणे, पॅकेजे मांडणे आणि शेवटी यादीच्या फायली झाडून टाकणे ही तिन्ही कामे एकाच आज्ञेत, एका श्वासात करावयाची असतात. झाडलोट दुसऱ्या ओळीत केली तर काही उपयोग नाही. खालच्या थरातील कचरा वरच्या थराने झाकला जातो एवढेच, त्याचे वजन इमेजमध्ये राहतेच. ज्या पॅकेजांची नुसती शिफारस असते ती न घेण्याचा पर्यायही त्याच आज्ञेत देतात. मोबाइलच्या आधारावर चालणाऱ्या तालुक्याच्या इंटरनेटवर हा पर्याय किती मोलाचा, हे येथे राहणाऱ्यालाच कळेल.

आता ज्या दोन पॅकेजांवरून ही सारी कथा निघाली त्यांच्याकडे वळतो.

पहिले टीझेडडेटा, म्हणजे जगातील घड्याळांचे कोष्टक. मी वापरलेल्या मूळ इमेजमध्ये ते नव्हते, आणि दुसऱ्या एका पॅकेजाच्या आधारासाठी ते आपोआप ओढले गेले. डेबियनच्या घराण्यात पॅकेज मांडल्यानंतर त्याची व्यवस्था लावण्याचा एक स्वतंत्र विधी असतो, आणि त्या विधीत काही पॅकेजे प्रश्न विचारतात. टीझेडडेटा विचारते की तुम्ही पृथ्वीच्या कोणत्या खंडात आहात, आणि खंड सांगितला की कोणत्या शहराचे घड्याळ लावू. घरच्या संगणकावर हा प्रश्न आला तर माणूस समोर असतो. इमेज बांधताना समोर कोणीच नसते. त्या रात्री माझ्या पडद्यावर ती खंडांची यादी उमटून काम थबकले, आणि तारांची गती मंद असावी अशा समजुतीने मी पाऊण तास वाट पाहिली. मग डॉकरफाइलमध्ये नॉनइंटरॲक्टिव्ह हा शब्द लिहून मी सर्व पॅकेजांचे प्रश्नच बंद केले. काम सुरळीत पार पडले आणि मी समाधानाने निजलो. प्रश्न बंद केला म्हणजे पॅकेज आपल्या मनाचे उत्तर घेते, आणि टीझेडडेटाच्या मनाचे उत्तर यूटीसी, म्हणजे ग्रीनिचच्या मध्यरेषेस जुळणारी जागतिक वेळ, असे असते. आपल्याकडे पहाटेचे पाच दहा वाजतात तेव्हा तेथे आदल्या रात्रीचे अकरा चाळीस झालेले असतात. मावशींच्या पावतीवरची तारीख त्या घड्याळाच्या हिशेबाने अचूक होती.

प्रश्न गप्प करणे आणि प्रश्नाला उत्तर देणे यांतील हा भेद मी तेव्हापासून विसरलेलो नाही. प्रश्न बंद ठेवण्याची सूचना त्या एका आज्ञेपुरती द्यावी, इमेजमध्ये कायमची मागे ठेवू नये. आणि उत्तर मात्र आपण आधीच लिहून ठेवावे, म्हणजे घड्याळाचा दुवा आशिया/कोलकाता या नोंदीकडे जोडून द्यावा. नावातही जपून असावे. कलकत्ता हे जुने लेखन आता निराळ्या, जुन्या नावांच्या पॅकेजात गेले आहे. ते पॅकेज नसलेल्या नव्या इमेजमध्ये कोणी जुने नाव लिहिले तर तक्रार न करता घड्याळ पुन्हा यूटीसीवर जाते. या लहानशा पॅकेजाविषयी मला मोठी आपुलकी आहे. १९४२ च्या सप्टेंबरपासून १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत महायुद्धापायी हिंदुस्थानचे घड्याळ एक तास पुढे होते, ही गोष्ट आपल्याकडील किती घरांत आज कोणाला ठाऊक असेल? टीझेडडेटाला ती ठाऊक आहे, आणि त्या काळातील एखादी वेळ विचारली तर ते साडेसहा तासांचे अंतर धरून उत्तर देते.

दुसरे पॅकेज लिपीचे. इमेज लहान ठेवावयाची म्हणून तीत टंक मुळीच नसतात, किंवा असले तर रोमन असतात. देवनागरी कोणी मागितल्यावाचून येत नाही. मागावयाचे तर लोहित हा टंकसमूह डेबियनच्या मुख्य कोठारातच आहे. रेड हॅट या कंपनीने २००४ मध्ये तो मुक्त केला. संस्कृतात लोहित म्हणजे तांबडा, आणि कंपनीच्या नावातही तांबडी टोपी आहे. २०११ मध्ये तो टंकांसाठीच असलेल्या खुल्या परवान्याखाली आला. ते एक नाव यादीत घालताच सहा चौकटींच्या जागी पाच अक्षरे उभी राहिली. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे हिंदी वळणांहून निराळी असतात, आणि 'दऱ्या'मधला अर्धा 'र' वेगळा लिहावा लागतो. त्या वळणांसाठी मजकुराची भाषा मराठी आहे असे आज्ञावलीने सांगावे लागते, नुसता टंक पुरत नाही.

लिपीपाठोपाठ वर्णक्रम येतो, आणि त्याची उणीव चौकटींसारखी डोळ्यांत भरत नाही म्हणून ती अधिक दिवस राहते. भाषेची व्यवस्था न लावलेल्या इमेजमध्ये नावांची वर्गवारी अक्षरांच्या संकेतांकांवरून होते, आणि युनिकोडच्या कोष्टकात 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे व 'व'च्या आधी बसविलेला आहे. आपल्या वर्णमालेत तो 'ह'च्याही नंतर येतो. परिणाम असा की सभासदांच्या यादीत काळे हे कावळे आणि कासार यांच्या आधी जाऊन बसतात, आणि बोटाने ओळी मोजीत नाव शोधणाऱ्या सचिवांना ते जागेवर सापडत नाहीत. यावर लोकेल्स नावाचे पॅकेज मांडून, मराठी-भारत ही नोंद तयार करून घेऊन, आज्ञावलीस तिच्या नियमांनी चालावयास सांगावे लागते. घड्याळ, टंक आणि वर्णक्रम या तिन्ही गोष्टी कोठारात आयत्या आहेत. परंतु उमरखेड नावाचे गाव जगात आहे, तेथे पहाटे दूध घालतात आणि पावती मराठीत वाचतात, हे कोठाराला आपण होऊन कळण्याचा काही मार्ग नाही. ते इमेज बांधणाऱ्यानेच लिहावयाचे असते.

या दुरुस्त्यांसाठी इमेज एका रात्रीत सातआठ वेळा बांधावी लागली, आणि दर वेळी तीच गाठोडी पुन्हा तारांवरून ओढणे मला परवडणारे नव्हते. घरातील एका जुन्या संगणकावर मी ॲप्ट-कॅशर-एनजी हे साधन मांडले. ते ३१४२ या क्रमांकाच्या दारावर उभे राहते, एकदा आणलेले पॅकेज आपल्या फडताळात ठेवून घेते आणि पुन्हा मागणी झाली की तेथूनच देते. माझ्या फडताळातून निघालेल्या गाठोड्यावर भरवसा ठेवण्याचे इमेजला काहीच कारण नसते, आणि जरुरही नसते. ठसा यादीशी जुळला, यादी रिलीजशी जुळली आणि रिलीजवरची मुद्रा खरी ठरली, म्हणजे माल फडताळातला की फ्रँकफुर्टचा हा प्रश्न उरत नाही. फडताळाचा पत्ता मात्र बांधणीपुरताच सांगावा. तो इमेजमध्ये राहिला तर दूध केंद्रावरचा संगणक माझ्या घरातले दार शोधीत बसेल. खाजगी कोठाराचा परवलीचा शब्दही असाच बांधणीपुरता, गुप्त जोडणीने द्यावा. थरात एकदा लिहिलेला शब्द पुढे पुसला तरी खालच्या थरातून कोणालाही वाचता येतो.

कोठारांनाही वय असते. डेबियनच्या २०१७ मध्ये निघालेल्या स्ट्रेच या आवृत्तीचा माल २०२३ मध्ये मुख्य कोठारातून काढून जुन्या दप्तरखान्यात नेण्यात आला, आणि जगभरच्या कितीतरी डॉकरफाइली एका सकाळी निकामी झाल्या. सेंटओएस या दुसऱ्या एका वितरणाच्या सातव्या आवृत्तीची मुदत २०२४ च्या ३० जूनला संपली तेव्हा तीच पुनरावृत्ती झाली. जुन्या दप्तरखान्यातील माल घेता येतो, पण सुरक्षेची नवी दुरुस्ती त्याला कधीच मिळत नाही, म्हणून तेथे जाणे ही सोय नव्हे, वाट काढण्याची सवड आहे एवढेच समजावे. याउलट डेबियनचे स्नॅपशॉट नावाचे भांडार २००५ पासूनची कोठाराची रोजची स्थिती जतन करते, आणि अमुक तारखेस जसे कोठार होते तसेच मला दे, असे त्याला सांगता येते. केंद्राची इमेज मी आता अशी बांधतो: मूळ इमेज तिच्या नावाने न घेता चौसष्ट चिन्हांच्या ठशाने घेतो, कारण नाव तेच राहून त्यामागील वस्तू बदलू शकते, कोठार एका ठरावीक तारखेचे घेतो, ती तारीख इमेजच्या चिठ्ठीवर लिहितो, आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तारीख पुढे सरकवून सारे पुन्हा बांधतो, म्हणजे दुरुस्त्याही येतात आणि काही बिघडले तर गेल्या महिन्याची इमेज अक्षरशः तशीच उभी करता येते.

नवी इमेज केंद्रावर चढविली त्या पहाटे मी पाचच्या आधीच तेथे गेलो होतो. पहिली पावती आली. तारीख त्या दिवसाची, माथ्यावर उमरखेड. मावशींनी ती हातात घेतली, पण वाचावयास न लागता त्या सचिवांकडे वळल्या, कारण मागल्या चार पहाटेंचे काय करणार हे त्यांना आधी ऐकावयाचे होते. सचिवांनी नोंदवही काढली, साडेपाचच्या आधीच्या नोंदी एकेक करून शोधल्या, तांबड्या शाईने चुकीची तारीख खोडून शेजारी खरी लिहिली, आणि प्रत्येक दुरुस्तीखाली आपली सही केली.